नोंद नसलेले लग्न

"आधी सांगा, मग रडा."

समोर माणूस येऊन बसला की त्यांचे पहिले वाक्य हे. मग ते चष्मा कपाळावर सरकवत, कोऱ्या कागदाला डाव्या बाजूने समासाची घडी घालत आणि पेनाचे टोपण काढून थांबत. "रडल्यावर तारखा चुकतात," असे त्याचे कारणही देत. समोरचा माणूस बहुधा गोंधळून सांगायला लागे. सांगून होईपर्यंत रडायचे राहून जाई.

तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. मोखाड्याच्या तहसील कचेरीच्या कुंपणाला लागून त्यांचे टेबल होते. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक बाक, कागद उडू नयेत म्हणून वर ठेवलेला नदीतला गोटा. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. आमच्याकडे तलाठ्याला आणि कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. हे दोन्ही नव्हते. आश्रमशाळेच्या कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालेले, मूळचे दाभोशाकडचे, शेतकरी घरातले. त्यांच्या घरात पगाराची नोकरी करणारे ते पहिले.

मी जव्हारहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. बाजाराच्या दिवशी मोखाड्याला जायचो आणि आधी त्यांच्या बाकावर बसायचो. तालुक्यात काय चालले आहे ते कचेरीपेक्षा त्या टेबलावर लवकर कळे. बातमी कशी लिहायची तेही मी थोडे तिथेच शिकलो. "आम्ही फार गरीब आहोत, असं लिवा" म्हणून कोणी सांगितले तर ते लिहीत नसत. म्हणत, "साहेबाकडे रोज गरीबच येतात. काय घडलं ते सांगा. किती वाजता घडलं ते सांगा." अर्जात खोटे लिहीत नसत आणि खरे असले तरी वाढवून लिहीत नसत.

त्यांची पत्नी जाऊन सात वर्षे झाली होती. मुलगी नाशिकला, सासरी. ते बसस्थानकामागे दोन खोल्यांत राहत आणि खानावळीत जेवत. एकटेपणाबद्दल ते कधी बोलत नसत, पण एकदा नाशिकला ज्येष्ठांच्या वधू-वर मेळाव्याला जाऊन आले होते, मुलीला न कळवता. ती हकीकत त्यांनी मला ओळीने सांगितली, साक्ष दिल्यासारखी. प्रत्येकाने मंचावर येऊन आपली ओळख करून द्यायची होती. यांनी ती आदल्या दिवशी लिहून काढली होती. वर डावीकडे स्वतःचे नाव-पत्ता, त्याखाली ओळ: 'विषय: उर्वरित आयुष्यासाठी सोबत मिळणेबाबत.'

"वाचलंत तसंच?" मी विचारले.

"विषयापासून वाचलं. लोक हसले. मला वाटलं, आवडलं."

जेवणाच्या रांगेत एका बाईंनी विचारले, गाव कुठले. हे म्हणाले, मोखाडा. बाई म्हणाल्या, तिथे काय आहे? हे म्हणाले, तहसील आहे. बाई पुढे सरकल्या. "माझं उत्तर बरोबर होतं," ते मला म्हणाले, "पण अपुरं होतं." पुन्हा ते कुठल्या मेळाव्याला गेले नाहीत.

सोमीबाई त्यांच्याकडे आली ती त्यानंतरच्या वर्षी, बाजाराच्या दिवशी. पन्नाशीची असेल. तिचा पाडा मोखाड्यापासून जीपने पाऊण तास आणि मग चढ चालून. नवरा अकरा वर्षांपूर्वी भिवंडीकडे वीटभट्टीवर तापाने गेला होता. तिकडेच त्याला जाळले, कुठे नोंद केली नाही. आता जमिनीच्या तुकड्यावर वारस म्हणून तिचे आणि मुलाचे नाव लावायचे होते आणि त्यासाठी मृत्यूचा दाखला लागत होता.

सवयीने ते म्हणाले, "आधी सांगा, मग रडा."

"मी नाय रडत," ती म्हणाली. "ते कवाच झालं. तुमी लिवा."

मी बाकावरच होतो. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन तिच्याकडे पाहिले. लिहिताना ते चष्मा वर घेत, बघायचे असले तरच डोळ्यांवर आणत.

जुन्या मृत्यूची नोंद करायला जिथे माणूस मेला तिथल्या पंचायतीचे पत्र लागते, की आमच्याकडे अशी नोंद नाही. ते आणायला तिला एकटीला काय सुधरणार, म्हणून हे तिच्याबरोबर गेले. दुसऱ्या कोणासाठी असे गेल्याचे मला माहीत नाही. भट्टी राहिली नव्हती, तिथे पत्र्याचे मोठे गोदाम उभे होते. ती गोदामाच्या भिंतीशी जाऊन थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हितं न्हवं. थोडं तिकडं होतं." पंचायतीने पत्र दिले. परतीच्या एसटीत ती झोपली.

"माझ्या खांद्यावर डोकं आलं तिचं," ते मला दोन दिवसांनी म्हणाले. "वाड्याला. विक्रमगडला जागी झाली. तोवर मी हललो नाही."

"हात अवघडला असेल."

"बधिर झाला. अजून बोटांना मुंग्या आहेत." आणि ते बोटांकडे बघत राहिले. तक्रार करत नव्हते.

पुढे ती दर बाजाराला येऊ लागली. अर्जाचे काय झाले ते विचारायला, निदान सुरुवातीला तरी. पदराखाली काहीतरी असे. कधी नाचणीची भाकर, कधी उकडलेले कंद, पावसाच्या तोंडावर शेवळांच्या रानभाजीची जुडी. शेवळांत आंबट घातले नाही तर घसा खाजतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते. यांनाही माहीत होते, पण त्यांची भाजी आयुष्यभर दुसऱ्याने केलेली. ही त्यांनी स्वतः केली आणि तीन दिवस आवाज बसला. तिने पुढच्या आठवड्यात विचारले, "शेवळं कशी झाली?" ते खर्जात म्हणाले, "उत्तम." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "आंबट नाय टाकलं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की रांगेतली माणसे वळून बघू लागली. त्या दिवशी तेही हसले. मी त्यांना तसे हसताना पाहिले ते तेव्हाच.

कचेरीतल्या लोकांनी टोमणे मारायला वेळ लावला नाही. शिपाई म्हणे, "भाऊसाहेब, अर्ज मोठा आहे का हो? वरीस झालं, लिहून होत नाही." ते उत्तर देत, "त्रुटी आहेत."

लग्नाचे त्यांनीच विचारले. कसे विचारले ते मला माहीत नाही. तिचे उत्तर मात्र त्यांनी सांगितले, कारण त्या उत्तराने ते अडचणीत आले होते. ती म्हणाली होती, "बरं. पुढल्या बाजाराला पिशवी घेऊन येते."

"पिशवी?" यांनी विचारले होते.

"कपड्याची. ऱ्हायला यायचं ना?"

आमच्या डोंगरातल्या पाड्यांत अशीच रीत आहे. बाईमाणूस नांदायला येते, संसार सुरू होतो, पोरे होतात. हळद लावायची म्हणजे गावजेवण आले, ते जमेल तेव्हा. कुणाचे दहा वर्षांनी जमते, कुणाचे वीस. पण पोरांच्या लग्नाआधी आईबापाची हळद व्हावी लागते. एकाच मांडवात सकाळी आईबापाचे आणि दुपारी मुलाचे लग्न लागल्याचे फोटो मी अनेकदा छापायला पाठवले आहेत. सोमीबाईही पहिल्या माणसाकडे अशीच पिशवी घेऊन गेली होती. पंधरा वर्षे संसार झाला. हळद राहिली ती राहिलीच.

यांना ते मान्य नव्हते. "तुम्हाला कोणी ठेवलेली म्हणेल, ते मी चालू देणार नाही," ते तिला म्हणाले. लग्न नोंदणी कार्यालयात, साक्षीदारांसमोर, सहीने व्हायला हवे. आणि त्यासाठी आधी पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला.

"पन त्याच्याशी माझं लगीनच नाय झालं."

"अर्जात पती लिहिलं आहे. प्रतिज्ञापत्रावर तुमची सही आहे."

"ते तुमीच लिवलं."

हे खरे होते. रेशनकार्डावरही तसेच होते. कागदावर ती एका माणसाची पत्नी होती आणि तो माणूस कागदावर अजून मेला नव्हता.

फाइल फिरत राहिली. एकदा मृताच्या नावात फरक निघाला, एकदा साक्षीदाराचे वय जुळले नाही, मग अधिकारी बदलले. या काळात त्यांनी खोल्यांना रंग दिला. मागच्या पडवीत गवंडी लावून जमिनीलगत चूल बांधून घेतली, कारण तिला उभ्याने, गॅसवर स्वयंपाक जमत नसे. मुलीला नाशिकला जाऊन सांगून आले. मुलगी आठ दिवस बोलली नाही आणि मग फोनवर म्हणाली, "साडी कुठल्या रंगाची घेऊ?" हे त्यांनी मला दोनदा सांगितले. सोमीबाईला त्यांनी सांगून ठेवले होते की आता भाऊसाहेब म्हणायचे नाही. ती म्हणाली, मग काय म्हणू? त्यावर त्यांना काही सुचले नाही, म्हणून ती भाऊसाहेबच म्हणत राहिली.

त्यानंतरचा प्रसंग मी समोर बसून पाहिला आहे. जसा घडला तसा लिहितो.

होळी होऊन गेली होती. ती आली आणि खुर्चीवर बसली. नेहमी ती टेबलाच्या कडेला उभी राही.

"पोराचं लगीन ठरलं," ती म्हणाली.

"छान झालं."

"पोरीकडचे म्हनतात, आईबापाची हळद नाय झाली. ती आधी करा."

"पण ते तर वारले."

"त्याचा कोयता हाय घरात. कोयता पाटावर ठेवतात. बाजूला मी बसायचं."

ती टेबलावरच्या गोट्याकडे बघत पुढे म्हणाली, "मी दुसऱ्या घरात गेलेली असले तर नाय बसावं लागत. मग पोराच्या बाजूनं चुलता-चुलती बसतात. दिरानं इचारलं, वयनी, तू जायाची हायेस का ऱ्हायाची? एकदा काय ते सांग." मग तिने मान वर केली. "काय सांगू त्याला?"

त्यांनी चष्मा कपाळावर घेतला.

"फाइल वर गेली आहे," ते म्हणाले. "महिना. फार तर दीड महिना."

"लगीन पुढल्या बाजाराच्या आधी हाय."

त्यांनी थोडा विचार केला. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला, अर्जातली अडचण सुटली की व्हायचा तसा. "मग असं करा," ते म्हणाले, "लावून घ्या. कोयत्याशी लावलेलं लग्न कायद्यात बसत नाही. त्याची कुठे नोंद होत नाही. आपल्याला त्याने काही अडणार नाही."

"तुमाला चालंल?"

"मला का नाही चालणार? मुलाचं काम थांबायला नको."

"तुमी म्हनता तर," ती म्हणाली आणि उठली.

तिने एक विचारले होते आणि त्यांनी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले होते. मला ते ऐकू आले. वार्ताहराने मध्ये बोलायचे नसते, हे मला पहिल्या वर्षी शिकवले गेले होते. तो नियम मी अनेकदा मोडला आहे. त्या दिवशी पाळला.

लग्नाला ते गेले आणि मलाही घेऊन गेले. नवा सदरा घातला होता. जीपमधून उतरून चढ चालताना दम लागत होता तरी बोलत होते. दाखला आला की कुठल्या तारखेला लग्नाची नोटीस द्यायची, साक्षीदार कोण. एका साक्षीदाराच्या जागी माझे नाव होते.

मांडव आंब्याच्या डहाळ्यांचा होता. लग्न लावते ती बाई, तिला धवलेरी म्हणतात, ती म्हातारी गाणे म्हणत होती. दोन पाट मांडले होते. एकावर सोमीबाई बसली, दुसऱ्यावर कोयता ठेवला. धार लावून, धुऊन आणलेला. मूठ मात्र जुनीच होती, हाताने काळी झालेली. म्हातारीने आधी मुठीला हळद लावली, तीच हळद मग सोमीबाईच्या गालाला आणि हाताला. गळ्यात काळी पोत बांधली. दीर आणि जाऊ मागे उभे होते, मुलगा बाजूला मान खाली घालून. कोणी हसत नव्हते. हा खेळ नव्हता, हे मांडवात सगळ्यांना माहीत होते. एकाला सोडून.

ते गर्दीत मागे उभे होते. सोमीबाईने हळद लागलेला हात उचलून मुठीवर ठेवला आणि ती रडायला लागली. नवरा आत्ताच गेल्यासारखी, आवाज न लपवता. बायकांनी तिला रडू दिले.

"का रडते आहे?" त्यांनी मला हळूच विचारले.

मी म्हणालो, "लग्नात रडतातच." हे उत्तर बरोबर नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होते.

दाखला पाच आठवड्यांनी आला. म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर होता. त्यांनी पाड्यावर जाणाऱ्या जीपवाल्याबरोबर निरोप पाठवला. ती बाजाराच्या दिवशी आली. गळ्यात पोत होती. त्यांनी दाखला प्लास्टिकच्या पिशवीतून काढला आणि तिला वाचून दाखवला. मृताचे पूर्ण नाव, वय, ठिकाण. वाचून झाल्यावर म्हणाले, "आता नोटीस देता येईल."

"आता नाय होत, भाऊसाहेब," ती म्हणाली. "माझं लगीन झालं."

"ते लग्न नव्हे. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"मग लगीन काय असतं?"

त्यांना त्याची कायद्यातली व्याख्या पाठ असणार. ते दाखला परत पिशवीत सरकवू लागले.

"पंधरा वरीस त्याच्याकडं होते तवा लगीन नव्हतं," ती म्हणाली. "हळदीच्या आधी तुमाकडं आले असते तर चाललं असतं. आता हाय. गावासमोर हाय. त्याच्या हातावर हात ठेवला मी. आता त्याला सोडून कशी येऊ?"

"ते वारलेत, सोमीबाई."

"ते हाय ना लिवलेलं," ती दाखल्याकडे बोट करून म्हणाली. "मना ठाव हाय."

मग ती म्हणाली, "मी इचारलं होतं तुमाला."

आवाजात राग नव्हता. तिने दाखला घेतला. त्यांनीच तिला वारस नोंदीचा अर्ज लिहून दिला, त्याच वेळी, त्याच अक्षरात. अर्ज वाचून दाखवला, तिने सही केली, त्यांनी कोणत्या खिडकीवर द्यायचा ते सांगितले. ती गेल्यावर त्यांनी पुढच्या माणसाला बसवले आणि त्याला काहीच न म्हणता कागदाला घडी घातली.

पुढे ती मुला-सुनेबरोबर कामाला खाली जाऊ लागली, वसईकडे. बाजाराला येणे सुटले. त्यांनी तिचा विषय माझ्याजवळ एकदाच काढला. दुपारी काम नव्हते. एकदम म्हणाले, "मी सल्ला चुकीचा दिला नव्हता. कोणत्याही वकिलाने तोच दिला असता." मी हो म्हणालो. मग कागदांवरचा गोटा सरकवत म्हणाले, "तिने सल्ला मागितला नव्हता."

आम्ही चहा मागवला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागले. मुलगी येऊन नाशिकला घेऊन गेली. तिथेच गेले. बातमी मला फोनवर कळली. मी चार ओळी पाठवल्या, त्या छापून आल्या. वय, गाव, नोकरी, मागे एक मुलगी आणि जावई. आमच्या नमुन्यात एवढेच बसते.

दिवाळीआधीच्या बाजाराला मी मोखाड्यात होतो. त्यांच्या जागेवर टेबल नव्हते. कुंपणाजवळ सोमीबाई उभी होती. तिला त्या सकाळीच जीपमध्ये कळले होते. मला ओळखून तिने विचारले, "दादा, कवा?"

मी सांगितले.

"संगं कोन होतं?"

"मुलगी होती. जावई होते."

"बरं झालं," ती म्हणाली. मग विचारले, "मुलगी हितं येते का? खोलीवर?"

"आली आहे. सामान आवरायला. दोन दिवस आहे."

बसस्थानक तिथून पाच मिनिटांवर. ती त्या दिशेला बघत राहिली.

"जाऊन या," मी म्हणालो. "तिला तुमच्याबद्दल माहीत आहे."

"जाऊ तर," ती म्हणाली, "पन कोन म्हनून जाऊ?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कचेरीची रांग तिथपर्यंत येत होती. मागून येणारे लोक तिला रांगेतलीच समजून तिच्या मागे उभे राहू लागले. रांग सरकली, ती सरकली नाही. पाठीमागच्या माणसाने दोनदा हाक मारली. शेवटी आतून शिपाई बाहेर आला आणि तिला म्हणाला, "बाई, तुमचं काम काय आहे?"

तिने चेहरा पुसला.

"काय नाय," ती म्हणाली आणि रांगेतून बाजूला झाली.